मुक्या माराचा आठवडा

शटल डोळ्यावर बसलं तेव्हा रक्त आलं नाही, म्हणून हॉलमधल्या सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं. "मुका मार हाय, काय न्हाय होत," असं तिथं जमलेल्या प्रत्येकानं एकदा तरी म्हटलं. आमच्याकडे मुका मार म्हणजे दोन-चार दिवसांचं दुखणं. कातडी फुटली नाही, रक्त दिसलं नाही, म्हणजे माणूस शाबूत. आंबेहळद उगाळून लावायची, गरम फडक्यानं शेकायचं आणि कामाला लागायचं.

माझी मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती आणि बॅडमिंटनमध्ये दुहेरी खेळत होती. दुहेरीत एक खेळाडू जाळीपाशी उभा राहतो, एक मागे. पुढच्यानं मागे वळून बघायचं नसतं. मागचा जोरात मारणार की हलकेच टाकणार, हे कानानं ओळखायचं. ती वळली, आणि तिच्याच जोडीदारणीनं पूर्ण ताकदीनं मारलेलं शटल तिच्या उजव्या डोळ्यावर आलं. जोडीदारीण हुंदके देत होती आणि माझी मुलगीच तिची समजूत काढत होती. स्कूटरवर मागे बसल्यावर मात्र ती माझ्या कानाशी म्हणाली, "पप्पा, उजवीकडं सगळं तांबडं दिसाय लागलंय. धूर झाल्यागत."

मी स्कूटर घराकडे न नेता डोळ्यांच्या दवाखान्याकडे वळवली.

डॉक्टर बाईंनी तपासणीच्या यंत्रातून मलाही बघायला दिलं. बुबुळासमोर खालच्या अंगाला रक्ताचा थर साचला होता. वरून सरळ, आडवा, परीक्षानळीच्या तळाशी गाळ बसतो तसा. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो, असे थर रोज बघतो. पण हा माझ्या मुलीच्या डोळ्यात होता.

"हे रक्त हळूहळू जिरेल," डॉक्टर म्हणाल्या. "मला काळजी पुढच्या काही दिवसांची आहे. आतली जखम धरायच्या आधी पुन्हा रक्त आलं, तर ते आत्तापेक्षा जास्त येतं. डोळ्यातला दाब वाढतो. मग नजर वाचेलच असं सांगता येत नाही."

"असं किती जणांत होतं? टक्केवारी काय?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तिला उजवा डोळा एकच आहे. टक्के घेऊन काय करणार?"

मग त्यांनी नियम सांगितले. डोक्याखाली उंच उशी घेऊन पडून राहायचं. वाकायचं नाही, धावायचं नाही, दचकायचं नाही. उजव्या डोळ्यावर कायम ढापण, म्हणजे कडक झाकणी. वाचायचं नाही, मोबाइल नाही, टीव्ही नाही. औषधाचे थेंब वेळच्या वेळी. आणि दुखलं म्हणून मनानं कुठलीही गोळी द्यायची नाही.

घरी आल्यावर माझ्या बायकोनं सगळ्यात आधी कुकर कपाटात ठेवून दिला. शिट्टीनं पोरगी दचकेल म्हणून तेव्हापासून भात पातेल्यात शिजू लागला. मी दाराची बेल बंद केली. एरवी आमच्या घरात बोलणं म्हणजे भांडणच वाटावं इतका आवाज असतो. त्या आठवड्यात आम्ही दोघं चोरासारखे वावरत होतो.

नेमक्या त्याच आठवड्यात बँकॉकला थॉमस कप चालू होता. पुरुषांच्या राष्ट्रीय संघांमधला हा सगळ्यात मोठा कप. आमची पोरगी त्याची कित्येक महिने वाट बघत होती, आणि आता तिला पडद्याकडे बघायची बंदी होती.

"तुम्ही बघा आणि सांगा की," ती म्हणाली.

"मला खेळातलं काय कळतंय?"

"आकडे तर कळतात न्हवं?"

कारखान्याचा हंगाम संपलेला होता, मी रजा काढली होती. दुपारभर तिनं नुसतं छताकडे बघत पडायचं, हे माझ्याच्यानं बघवेना. म्हणून मी स्वयंपाकघरात बसून आपल्या संघाचा मागचा सगळा इतिहास वाचायचो आणि तिच्या उशाशी येऊन सांगायचो. हा कप सुरू झाला त्या पहिल्या काही वर्षांत आपला संघ चांगला पुढपर्यंत गेला होता. हे तिलाही माहीत नव्हतं. मग एकोणऐंशी साली उपांत्य फेरी. तेव्हा एका लढतीत नऊ सामने असायचे, आणि डेन्मार्कनं आपल्याला हरवलं होतं. त्यानंतर इतकी वर्षं लोटली, पण आपला संघ पुन्हा तिथवर पोहोचला नव्हता. अंतिम फेरी तर कधीच नाही. मधल्या काळात मुलींच्या संघानं त्यांच्या कपात दोनदा पदक आणलं, पुरुषांना ते जमलं नाही.

"असं का झालं ठाऊक हाय?" मी म्हणालो. "हिशेब सोपा हाय. आता लढतीत पाच सामने. तीन एकेरी, दोन दुहेरी. आधी तीन जिंकंल तो पुढं. आपल्यात अधनंमधनं एखादा लई मोठा एकेरीवाला निघायचा. पण त्यानं कितीबी मर्दुमकी गाजवली तरी एकेरीचा एकच गुण. उरलेल्या चारातनं दोन आणायचे कुठनं? दुहेरीला जोडीच न्हवती."

"म्हणजे दोष दुहेरीवाल्यांचा."

"दोष न्हवे. कमतरता."

"व्हय व्हय. मी दुहेरी खेळतो म्हणून गोड बोलताय." आमच्याकडच्या पोरी स्वतःबद्दल "खेळतो, जातो" असंच बोलतात. मग ती म्हणाली, "तुम्ही इतिहास सांगताय का उसाच्या टनामागं साखरेचा उतारा, कळंना झालंय. पण सांगा. बरं वाटतंय."

मला मात्र बरं वाटत नव्हतं. मी बोलत असताना तिचा डावा डोळा माझ्याकडे असायचा, आणि मी त्या ढापणाकडे बघत असायचो. त्याच्या आड काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. रक्ताचा थर खाली उतरतोय की वर चढतोय, हे ढापण काढल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि ढापण उगाच काढायचं नव्हतं. प्रयोगशाळेत शंका आली तर मी नमुना पुन्हा घेतो. इथं तशी सोय नव्हती.

उपांत्यपूर्व लढत मलेशियाशी होती. मी मोबाइलचा आवाज बंद करून, पडदा माझ्याकडे धरून, तिच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसलो. ठरवलं होतं, सपाट आवाजात फक्त आकडे सांगायचे. पहिला एकेरीचा सामना आपण हरलो. दुहेरी जिंकलो. दुसरी एकेरी जिंकलो. मग दुसऱ्या जोडीनं गमावला. दोन-दोन. आता पाचवा सामना.

प्रत्येक गुणाला तिची बोटं चादरीवर आवळत होती. मी आकडे सांगत होतो ते तिला, आणि नजर होती तिच्या गळ्याच्या शिरेवर. आपल्या खेळाडूनं एक गुण घेतला की मला आनंद व्हायचा आणि लगेच भीती वाटायची. जिंकलो आणि ही उठून बसली तर? हरलो आणि ही रडायला लागली तर? एकदा मनात आलं की खोटा आकडा सांगावा, आपण बरेच मागे आहोत असं सांगावं, म्हणजे हिची आशा कमी होईल आणि ही शांत राहील. तोंडाशी आलेला आकडा मी गिळला, पण त्या गिळण्यात थोडा वेळ गेला.

"पप्पा, बनवाबनवी नको," ती म्हणाली. "तुमचा आवाज बदलला की मला कळतं. खरं काय ते सांगा, मी हलणार न्हाय."

जिंकलो. ती हलली नाही. "पदक पक्कं," एवढंच पुटपुटली. माझ्या शर्टाची पाठ घामानं भिजली होती.

शुक्रवारी दुपारी माझे चुलते, तात्या, कुरुंदवाडहून आले. कुणी आजारी आहे कळल्यावर तोंड दाखवायला न जाणं आमच्याकडे पाप समजतात. तात्या तरुणपणी कुस्ती खेळलेले, दोन्ही कान आखाड्यात घासून मोडलेले, आवाज शेताच्या बांधावरून बांधावर जाणारा. हातात बासुंदीचा डबा. आल्या आल्या जिन्यातूनच, "कुठं हाय आमची वाघीण?"

मी धावत जाऊन त्यांचे हात धरले. "तात्या, हळू. तिला दचकवायचं न्हाय."

"बरं बरं," त्यांनी कुजबुजायचा प्रयत्न केला, पण तेही शेजाऱ्यांना ऐकू गेलं असणार.

मग मी थेंबांची दुसरी बाटली आणायला मेडिकलमध्ये गेलो. बायको गच्चीवर कपडे काढायला गेली होती. परत आलो तर खोलीत हळदीचा वास. तात्या पलंगावर वाकले होते. डोळ्यावरचं ढापण बाजूला काढून ठेवलेलं, आणि तिच्या उजव्या डोळ्यावर वाफाळतं फडकं. तात्यांचा अंगठा फडक्यावरून हलकेच फिरत होता.

 तोंडातून आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही. "हात काढा! तात्या, हात काढा तिथनं!"

घरातल्या वडीलधाऱ्या माणसावर मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. तात्यांनी हात मागे घेतला. फडकं जमिनीवर पडलं.

"मुका मार हाय रे," ते गोंधळून म्हणाले. "साकळलेलं रगत शेकून, चोळूनच मोकळं करायचं असतंय. तालमीत किती पोरांचं केलंय मी. आत्ताच ठेवलंय फडकं, लई येळ न्हाय झाला."

"किती वेळ?"

"आत्ताच, म्हंतोय की."

मी मुलीकडे बघितलं. ती डोळा मिटून होती. "थोडाच वेळ," ती म्हणाली. "आजोबांना न्हाय म्हणायला जीभ उचलली न्हाय."

मी ढापण पुन्हा बसवलं. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलावलं. दुखणं वाढलं, ओकारी आली, तर लगेच या म्हणाल्या. त्यानंतर मी दर थोड्या वेळानं तिला विचारत होतो, दुखतंय का, मळमळतंय का. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही विचारून विचारून मला ओकारी आणवणार."

तात्या बाहेरच्या खोलीत पाठ करून बसले होते. संध्याकाळची गाडी धरून निघून जातील असं वाटलं. पण सामना सुरू व्हायच्या वेळी ते आत आले आणि पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर मांडी घालून बसले.  

उपांत्य लढत डेन्मार्कशी. पुन्हा तसंच झालं, पहिला गेला, मधले दोन आले, चौथा गेला. पुन्हा दोन-दोन आणि पाचवा. त्या पाचव्या सामन्यात आपला खेळाडू घसरून पडला. घोटा धरून बसला. तीनपैकी पहिला गेम गेला.

"काय झालं? का थांबला?" मुलगी म्हणाली.

"पडलाय."

"उठतोय का?"

"उठलाय. लंगडतोय."

खालून तात्यांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. "पडलेला गडी दोन परकारचा आसतोय," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "एक पडला की पडला. दुसरा..." 

तो खेळाडू त्याच पायावर उरलेले दोन्ही गेम जिंकला. शेवटचा गुण मी सांगायच्या आत तात्यांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. त्यांचं तोंड उघडलं, आरोळी फुटणारच होती, पण त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. मान लाल झाली. डोळ्यातून पाणी आलं. ते बघून पोरगी हसायला लागली, आणि तिचं पोट हलताना बघून मी घाबरलो. "हसू नको, हसू नको," मी म्हणत होतो. आपला संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेला होता, आणि मी एका मुलीला हसू नको म्हणून विनवत होतो.

शनिवारी सकाळी डॉक्टरांनी दाब मोजला. पुन्हा मोजला. मग मला यंत्रातून बघायला दिलं नाही.

"थोडं ताजं रक्त आलंय. दाब वाढलाय," त्या म्हणाल्या. "औषध वाढवते. सोमवारपर्यंत उतरला नाही, तर ऑपरेशन करून रक्त धुवून काढावं लागेल."

"कशानं झालं?"

"सांगता येत नाही. काहीच न करताही होतं."

कारखान्यात उतारा घसरला की मी कारण शोधून काढतो. ऊस शिळा होता, की रस गळाला, की मोजणाराच चुकला. इथं माझ्यासमोर तात्यांचं फडकं होतं, माझे आकडे होते, आणि ते हसणं होतं. यातलं काहीच नसेलही. जे कळूच शकत नाही त्याची मला फार भीती वाटते, हे मला त्या दिवशी समजलं. पहाटेच्या गाडीनं गावी परतलेल्या तात्यांना मी फोनवर फक्त दाब वाढलाय एवढं सांगितलं. 

रविवारी इंडोनेशियाशी अंतिम लढत. त्या देशानं हा कप चौदा वेळा जिंकलेला. मी मुलीला स्पष्ट सांगितलं, आज आकडे नाहीत. सगळं संपल्यावर एकदाच सांगीन. तिनं वाद घातला नाही. तिनं वाद घातला नाही याचीच मला धास्ती वाटली.

मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून मुका मोबाइल बघत होतो. बायको पोळ्या लाटत होती, पण लाटणं उचलून उचलून ठेवत होती, आवाज नको म्हणून. पहिल्या एकेरीत आपला खेळाडू पहिला गेम दणकून हरला आणि मग पुढचे दोन जिंकला. मग दुहेरी. ज्या दुहेरीनं आपल्याला इतकी वर्षं मागे ठेवलं, असं मीच तिला सांगितलं होतं, तीच. आपली जोडी पहिला गेम हरली, आणि दुसऱ्या गेममध्ये समोरच्यांना सामना संपवायला एकच गुण हवा होता. तो आपण वाचवला. पुन्हा तीच वेळ आली. पुन्हा वाचवला.

"पप्पा," आतून आवाज आला. मोठा नव्हता.

मी मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला आणि आत गेलो.

"आकडा नको," ती म्हणाली. "नुसतं बसा हितं."

मी बसलो.

"मी घाबरलोय." आठवडाभरात तिनं हा शब्द पहिल्यांदा उच्चारला होता. "सकाळी थेंब घालताना ढापण काढलं तवा आईचं तोंड दिसलं न्हाय मला त्या डोळ्यानं. नुसता उजेड दिसला. मी आईला बोललो न्हाय." मग तिनं विचारलं, "पप्पा, परत दिसंल का हो?"

बाप म्हणून काय उत्तर द्यायचं असतं ते मला माहीत होतं. ते माझ्या तोंडातून आलं नाही. "मला माहीत न्हाय गं," मी म्हणालो. "डॉक्टरांनाबी माहीत न्हाय. उद्या कळंल."

तिनं माझा हात धरला. "बरं झालं. व्हय दिसंल म्हणाला असता तर जास्त घाबरलो असतो."

आम्ही तसेच बसून राहिलो. ओट्यावर त्या पालथ्या मोबाइलखाली जे काही घडत होतं ते आमच्याशिवाय घडत होतं. मला त्याची आठवणही नव्हती असं म्हणणार नाही, पण हात सोडवून उठावं असं एकदाही वाटलं नाही. बायको पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

बऱ्याच वेळानं मोबाइल ओट्यावर थरथरू लागला. तात्या होते.

"आरं, जिकलं," ते म्हणाले. इतक्या हळू की मला मोबाइल कानावर दाबून धरावा लागला. "तीन-शून्य. कप आपला. पोरीला लगेच सांगू नगंस. तिचा दाब..." 

मी परत आत आलो तेव्हा ती छताकडे बघत होती.

"तात्या आजोबा हळू बोलत होते व्हय?"

"व्हय."

"म्हणजे जिंकलं." ती म्हणाली. "हरलं असतं तर बोंबलले असते."

तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळलं, कानाकडे. ती हलली नाही. मी ते माझ्या बाहीनं टिपलं, आणि उजव्या बाजूला हात जाऊ नये म्हणून दुसरा हात मागे धरून ठेवला.

सोमवारी दाब उतरला होता. पूर्ण नाही, पण ऑपरेशन टळण्याइतका. डॉक्टरांनी मोजून आकडा सांगितला तेव्हा मी तो पुन्हा सांगायला लावला. पुढं रक्त हळूहळू जिरलं, ढापण निघालं. तरी खरी परीक्षा राहिली होती, तिला त्या डोळ्यानं किती दिसतं याची. त्यासाठी महिनाअखेरीला बोलावलं.

भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वर एक मोठं अक्षर, खाली ओळीओळीनं बारीक होत जाणारी. डॉक्टरांनी तिचा डावा डोळा झाकला. ती वाचू लागली. मी मागे बाकावर बसलो होतो.

"अहो बाबा," डॉक्टर मध्येच वळून म्हणाल्या, "तुम्ही नका वाचू. तिला वाचू द्या."

माझे ओठ हलत होते, मला कळलंच नव्हतं. मी तोंडावर हात ठेवला.

ती खालच्या ओळींवर आली. आता एका अक्षरानंतर दुसऱ्याला वेळ लागत होता. शेवटून दुसऱ्या ओळीत ती थांबली. मान किंचित तिरपी केली, मग सरळ केली.

"प," ती म्हणाली. "नाहीतर ष."

"नीट बघ. घाई नाही."

मला बाकावरून स्पष्ट दिसत होतं. मी श्वास धरून बसलो.

"ष," ती म्हणाली, आणि खात्री नसल्यासारखी डॉक्टरांकडे बघू लागली.

ते ष होतं. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं. शेवटची ओळ तिला आली नाही. चष्म्यानं ती येईल, म्हणाल्या. खेळायला हरकत नाही, पण डोळ्यांवर जाड काचेचा नव्हे, न फुटणारा खेळाचा चष्मा हवा. आणि अशा मारानंतर दाब कित्येक वर्षांनीसुद्धा चोरपावलांनी वाढतो, दुखत नाही, कळत नाही. म्हणून दर वर्षी तपासायचा. जन्मभर.

"जन्मभर?" मुलीनं विचारलं.

"हो. बाबा आणतील की."

ती हसली आणि बॅग उचलून बाहेर गेली. मी केसपेपर हातात घेऊन तिथंच उभा होतो. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो, ती सतराची. माझ्यानंतर हिला इथं कोण आणणार, हा हिशेब मला टाळता आला नाही. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं, तेव्हा मी बाजूला झालो.